स्थिर छायाचित्रणाच्या परवानगीचे २९ दिवस

मी एका कपड्यांच्या ब्रँडच्या मार्केटिंगमध्ये काम करते. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर अशा शहरांच्या मुख्य बाजारपेठांत आमची दुकानं आहेत. कुर्ते, सेट, दुपट्टे, थोड्या साड्या, किंमत आठशेपासून तीन हजारांपर्यंत. वर्षाला चार फोटोशूट होतात. त्यातली तीन पुण्यातच स्टुडिओत होतात, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. चौथं गणपती-दसऱ्याचं. ते आम्ही बाहेर करतो. २०२५ सालच्या त्या शूटच्या परवानगीसाठी मला २९ दिवस लागले. आज तो प्रकार आठवला तरी माझा आवाज चढतो, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. बाहेर शूट लावणाऱ्या कोणाचे तरी हेलपाटे वाचतील.

आधी तारखांचं गणित. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते. म्हणजे माल आणि पोस्टर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुकानात पोचायला हवेत. त्याच्या आधी छपाई, त्याआधी रिटचिंग, त्याआधी फोटोंची निवड, आणि या निवडीत आमच्याकडे चार जणांची मतं घ्यावी लागतात. असं मागे मोजत आलं की मेअखेर फोटो हातात हवेत. जूनमध्ये पाऊस, त्यामुळे बाहेरचं शूट मेच्या पुढे ढकलायचंच नाही, हा आमचा नियम. २० आणि २१ मे ठरले.

कलेक्शन खणाचं होतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचे काठ आणि योक, म्हणजे गळ्याखालची छातीवरची पट्टी, लावलेले सुती कुर्ते. आमच्या खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा होता. लाल म्हणून हातात घेतलेलं कापड जरा तिरकं धरलं की जांभळं दिसायचं. स्टुडिओतल्या दिव्यात ही चमक मेली. चाचणी फोटो पाहिले तर साधं सॅटिन वाटत होतं. कोवळ्या उन्हात, काळ्या दगडापुढे धरलं तेव्हा तो खण खरा दिसला. म्हणून नदीकाठचा एक जुना घाट शोधला, पुण्याहून अडीच तासांवर. बसाल्टच्या रुंद पायऱ्या, वर एक मोठा वड, पलीकडे शेतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या कार्यालयाबद्दल लिहिणार आहे ते लगेच ओळखू येईल.

५ मे, सोमवार. अर्ज द्यायला मी स्वतः त्या कार्यालयात गेले. तिथे चित्रीकरणाच्या परवानगीचा एकच छापील अर्ज होता. चित्रपट, मालिका, जाहिरातपट, सगळ्यांना तोच. रकाना ४, चित्रपटाचे/मालिकेचे नाव. रकाना ७, कथेचा सारांश. रकाना ८, निर्मात्याच्या संघटनेचा सभासद क्रमांक. रकाना ११, दिग्दर्शकाचे नाव व पत्ता. हे क्रमांक मला आता पाठ आहेत. यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. अकरा माणसं, एक कॅमेरा, एक राखीव कॅमेरा, दोन रिफ्लेक्टर, कपड्यांचा एक रॅक आणि इस्त्रीचा स्टीमर, एवढाच आमचा पसारा.

"चित्रपटाचं नाव लिहा मॅडम," टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले.

"चित्रपट नाहीये, भाऊसाहेब. कपड्यांचे फोटो काढायचे आहेत. दुकानात लावायला."

"मग मालिका?"

"नाही हो, नुसते फोटो. व्हिडिओसुद्धा नाही."

"ते ठीक आहे, पण रकाना रिकामा राहिला तर फाईल वर जाणार नाही."

मग काय लिहू, असं विचारल्यावर ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. मी ब्रँडचं नाव लिहिलं, बाकी रकान्यांत रेघ ओढली आणि अर्ज देऊन आले. पोच मागितली तेव्हा "फोन करा, कळेल" एवढंच उत्तर मिळालं. ती माझी पहिली चूक. कितीही घाई असली तरी आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज दिला होता याला पुरावाच नसतो. पुढच्या आठवड्यात मला नेमकं हेच ऐकावं लागलं.

१२ तारखेला बुद्धपौर्णिमेची सुट्टी. १३ ला फोन केला, अर्ज सापडत नव्हता. १४ ला सापडला. १५ ला त्रुटीपत्र आलं. कथेचा सारांश जोडलेला नाही. संघटनेचे प्रमाणपत्र जोडलेले नाही. हमीपत्र योग्य मुद्रांकावर नाही. तिसरा मुद्दा त्यांचा बरोबर होता, ते मान्य करते. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा बऱ्याच कागदांना शंभरऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो आणि आमच्या ऑफिसनं जुन्या सवयीनं शंभराचा घेतला होता. तो मी त्याच दिवशी बदलला. पण कुर्त्यांची कथा कुठून आणू?

इथे थांबून एक सांगते, नाहीतर विसरेन. मॉडेल, मेकअप आर्टिस्ट आणि फोटोग्राफर यांच्या तारखा परवानगी हातात नसताना लॉक करू नका, होल्डवर ठेवा, आणि होल्ड किती दिवसांचा, सोडला तर पैसे किती, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मे म्हणजे लग्नसराई. चांगली मेकअप आर्टिस्ट २० मे आमच्यासाठी रिकामा ठेवते तेव्हा ती एका नवरीला नाही म्हणत असते. १७ तारखेला मी तिला फोन करून तारीख सोडली आणि ठरल्याप्रमाणे निम्मे पैसे दिले. तिचा काहीच दोष नव्हता. ते पैसे त्या रकाना क्रमांक ७ पायी गेले, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

१९ मे. दुसरा हेलपाटा. या वेळी मी कथेचा सारांश खरोखर लिहून नेला. ‘खणाचे कपडे घातलेल्या दोन मैत्रिणी सणाच्या सकाळी घाटावर येतात.’ काम पुढे सरकावं म्हणून मी कुठलाही कागद द्यायला तयार होते. भाऊसाहेबांनी तो वाचला, टाचणी मारून फाईलला लावला. दोन दिवसांनी फोन आला की सारांश असेल तर हे कथाचित्रण धरावं लागेल. मग शुल्क आणि अनामत त्या दरानं. तो आकडा आमच्या सगळ्या शूटच्या खर्चापेक्षा मोठा होता. मी म्हटलं, सारांश काढून टाका. तर म्हणाले, आता तो दाखल झालाय, काढायला वेगळा अर्ज द्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला नकार कोणीच दिला नव्हता. नकार दिला असता तर दुसरी जागा बघून मोकळी झाले असते. ‘स्थिर छायाचित्रण’ कशात बसतं, एवढं एकानं ठरवायचं होतं, आणि ते ठरवणारे साहेब दौऱ्यावर होते. फोन केला की "साहेब आले की बघू". त्या आठवड्यात मी हे वाक्य पाच वेळा ऐकलं.

आणि पाऊस आला. मुंबईत मॉन्सूनची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत आणि पुण्यात दाखल झाला. त्या सोमवारी मी ऑफिसच्या खिडकीतून लक्ष्मी रोडचं पाणी बघत बसले होते आणि शूट गेलं असंच धरून चालले होते. वरिष्ठांनी स्टुडिओ बुक करायला सांगितलं. मी आठ दिवस मागून घेतले. तो हट्ट होता, पण तो केला याचं मला समाधान आहे.

२ जूनला तिसरा हेलपाटा. भाऊसाहेब रजेवर होते. शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेल्या एक बाई होत्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी माझी फाईल उघडून पहिल्या पानापासून वाचली. महिनाभरात पहिल्यांदा कोणीतरी ती वाचत होतं. दहा मिनिटं त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही रेघा कशाला ओढल्या? रेघ म्हणजे माहिती दिली नाही. ‘लागू नाही’ लिहा. आणि कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्या, हे स्थिर छायाचित्रण आहे, चलतचित्रण नाही."

त्यांनी पत्रात काय काय हवं तेही कागदावर लिहून दिलं. माणसं किती, गाड्या किती आणि कुठे उभ्या राहणार. कोणत्या तासांत काम. जनरेटर नाही, सेट उभारणार नाही, ड्रोन नाही. घाटाचा कोणता भाग वापरणार त्याचा हातानं काढलेला नकाशा. लोकांची ये-जा अडवणार नाही असं एक वाक्य. नवा अर्ज मी तिथेच बाकावर बसून भरला, पत्र जवळच्या सायबर कॅफेतून छापून आणलं, आवक क्रमांक घेतला. ३ तारखेला दुपारी चार वाजता परवानगी आली. शुल्क साध्या दरानं. चलन भरलं आणि पावतीचा फोटो काढून ठेवला.

त्या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो. पण ‘लागू नाही’ हे दोन शब्द ५ मेला त्याच खोलीत, दोन हातांवर बसलेल्या माणसाला माहीत होते की नाही, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. माहीत असतील तर सांगितले का नाहीत? अर्जाच्या तळाशी छापायला एक ओळ लागते.

परवानगीबरोबर पोलीस ठाण्याला माहितीचं पत्र द्या, त्याचीही पोच घ्या. ते काम अर्ध्या तासात झालं.

शूट ८ आणि ९ जूनला केलं. मेअखेरीनंतर पाऊस थबकला होता, नेमके ते दिवस मिळाले. मेमध्ये राखाडी दिसणारा तो दगड पावसानं काळाकुट्ट झाला होता. लाल-जांभळा खण त्यावर असा उठून दिसला की फोटोग्राफरनं पहिला फोटो लॅपटॉपवर आल्यावर आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवला. पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. जिथे मॉडेल उभी राहणार तेवढी जागा आम्ही आदल्या संध्याकाळी नारळाच्या काथ्यानं घासली. हे सोडू नका. पाय घसरला तर शूट संपतं, आणि मुलीला लागतं ते वेगळंच.

मे ते जुलै आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावरच येतो. डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळी सावली पडते, खणाची चमक फुटून पांढरी होते. म्हणून काम सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते सूर्य मावळेपर्यंत. मधला वेळ इस्त्री, जेवण, झोप. दोन दिवसांत अठरा लुक, म्हणजे अठरा वेगवेगळे पोशाख, झाले. स्टुडिओत पांढऱ्या पडद्यावर दिवसाला तीस होतात, तो हिशोब घाटावर लावू नका.

सकाळी सहाला घाटावर धुणं धुवायला बायका येतात. आमच्या नकाशात खालच्या चार पायऱ्या त्यांच्यासाठी सोडलेल्या होत्या, त्यामुळे कोणाची कुरबुर झाली नाही. घाटाशेजारच्या एका काकूंनी कपडे बदलायला माजघर दिलं. मुलींना बंद दार आणि संडास-बाथरूम मिळालं पाहिजे, जागा ठरवताना हे आधी बघायचं, उजेड नंतर. ९ तारखेला दहा वाजायच्या आत वडाखालचा आमचा रॅक हलवला. दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा होती आणि पार झाडायला माणसं आली होती.

सुचतील तशा आणखी काही गोष्टी. कुर्ता डोक्यातून घालताना चेहऱ्यावर पातळ ओढणी टाका, लिपस्टिकचा डाग खणावरून निघत नाही. सॅम्पल एकाच मापाचे येतात, मागून क्लिपा लावायला निदान दोन डझन न्या. प्रत्येक उजेडात पहिला फोटो कलर कार्ड धरून काढा, नाहीतर दुकानात गिऱ्हाईक पोस्टर आणि कपडा शेजारी धरून विचारतं. चपलांच्या तळव्याला मास्किंग टेप लावा, त्या परत विकायच्या असतात. मॉडेलशी करार करताना फोटो कुठे आणि किती महिने वापरणार ते स्पष्ट लिहा. फोटोग्राफरशीही लेखी ठरवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क पैसे देऊन तो काढायला सांगणाऱ्याचा असतो, फोटोग्राफरचा नाही. बऱ्याच नव्या फोटोग्राफरांना हे माहीत नसतं आणि नंतर मनं दुखावतात.

पोस्टर ४ ऑगस्टला दुकानात लागली. त्यातलं एक मी त्या बाईंना कुरिअरनं पाठवलं.

या वर्षीचा अर्ज मी २३ फेब्रुवारीला दिला. छापील अर्ज तोच आहे, रकानेही तेच. चारही ठिकाणी ‘लागू नाही’ लिहिलं, लेटरहेडचं पत्र आणि नकाशा जोडला, आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडले.