महापौर नसतानाही पाणी येतच होतं की!

महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयातून निवृत्त झालो, तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत काय नि न्हाव्याच्या खुर्चीत काय, प्रश्न एकच. "२०२२ला नगरसेवकांची मुदत संपली, मग कितीतरी दिवस महापौर नव्हता. तरी नळाला पाणी येतच होतं की! मग महापौर हवाच कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पाणी महापौर सोडतच नाही, ते आयुक्तांचं खातं. 'महापौर' हा सावरकरांनी दिलेला शब्द ऐकायला फार भारदस्त, घोळ तिथूनच सुरू होतो. मुंबईला पहिला आयुक्त, आर्थर क्रॉफर्ड, १८६५ साली मिळाला. पालिकेच्या अध्यक्षाला मेयर म्हणायला लागले ते १९३१मध्ये. मान आला तोवर कारभाराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला होत्या. १९९८मध्ये मुंबईत महापौर परिषद, म्हणजे महापौरांचं मंत्रिमंडळच म्हणा ना, नेमून त्या काढून घ्यायचा प्रयोग झाला, तोही लवकरच गुंडाळला. बरं, मुदत अडीच वर्षांची, आणि पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते सोडतीवर. कामाची ओळख होईतो निरोपाचा नारळ.

मग उरते सभा. तिथे मात्र महापौरांचा शब्द चालतो.

आमच्याकडे एक ताई महापौर झाल्या. पहिल्या सभेत कार्यपत्रिका धरलेला हात थरथरत होता, मी चिठ्ठ्या सरकवत होतो. सहा-सात महिन्यांनी नालेसफाईचा विषय निघाला. अधिकारी नेहमीचं बोलले, "माहिती घेऊन सांगतो." हे वाक्य माझ्या हातून इतिवृत्तात किती वेळा लिहिलं गेलं असेल, देव जाणे. ताई म्हणाल्या, "घ्या ना. सभा तासभर तहकूब. आम्ही इथेच बसतो." आणि खरंच बसल्या. नगरसेवकांनी चहा मागवला, विरोधी बाकांवरचेही हसायला लागले. पाऊण तासात फायली खाली आल्या. एकच नाला दोन वेगवेगळ्या नावांनी दोन बिलांत होता. ताईंना बिल थांबवायचा अधिकार नव्हता. पण सगळ्यांदेखत ते वाचून झाल्यावर त्यावर सही करायला कोणी पुढे येईना.

मग २०२२ला मुदत संपली, नगरसेवकांच्या जागी प्रशासक आले आणि सभागृहातल्या खुर्च्यांवर कापडं पडली. आयुक्त तेच प्रशासक, म्हणजे सर्वसाधारण सभा तेच आणि स्थायी समितीही तेच. आयुक्त म्हणून प्रस्ताव पाठवायचा, प्रशासक म्हणून मंजूर करायचा. साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. कामं भराभर झाली, माझं टायपिंगही वाचलं. पूर्वी एकेका सभेचं इतिवृत्त लिहिताना मान मोडायची, आता ठराव चार ओळींचा.

ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं घालायची आमची जुनी रीत. संगणकातला नमुनाही जुनाच होता. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक ठरावाखालच्या त्या दोन ओळी मी एकेक करून पुसत होतो.