काशीनरेशांची विहीर, मुक्काम स्टोक रो

भारतातून पाहुणे आले की रेडिंगच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो: विंडसर, ऑक्सफर्ड आणि भरपूर खरेदी. मी मात्र सगळ्यांना हट्टाने स्टोक रोला नेते. चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावरचं सहा-सातशे वस्तीचं गाव. भोवती बीच नावाच्या झाडांची जंगलं, आणि रस्त्यालगत लोखंडी खांबांवर तोललेला घुमट. घुमटाखाली सोनेरी हत्ती. देऊळ समजून चपला काढणारेही भेटलेत.

देऊळ नाही, विहीर आहे. बनारसच्या महाराजांनी इंग्लंडातल्या खेड्याला दिलेली.

इथे पाण्याची टंचाई होती, हेच आधी कुणाला पटत नाही. इंग्लंड म्हणजे सदा रिपरिप! पण वर्षाचा हिशेब केला तर इथला पाऊस पुण्याच्या आसपासच भरतो, आणि पडतो तो टिकत नाही. टेकड्यांच्या पोटात खडूचा दगड आहे. आपल्या कोकणात जांभा पाणी गिळतो, तसा हा गिळतो. वर चिकणमातीचा थर, त्यात डबकी साचायची. गुरं आणि माणसं दोघांनी तीच वापरायची. कोरड्या उन्हाळ्यात तीही आटायची.

शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड हे कंपनी सरकारचे अधिकारी. 1831 साली त्यांनी आझमगढला लोकांसाठी विहीर खणवली होती. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी गप्पा मारताना त्यांनी आपल्या मुलखातली एक गोष्ट सांगितली: घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बदडलं. महाराजांच्या ती लक्षात राहिली. पुढे काहीतरी दानधर्म करायचं मनात आलं तेव्हा त्यांनी रीडच्या मुलखालाच विहीर देऊ केली. 1857 मध्ये महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे होते, तेव्हा या दानात राजकारण अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण पाणी खरं होतं.

आणि किती खोल! 368 फूट. कुतुबमिनार आत उभा सोडला तरी वर शंभरावर फूट उरतील. रुंदी अवघी चार फूट, म्हणजे आडच तो. त्यात माणसं उतरून हाताने खणत होती. 1863 मध्ये सुरू झालेलं काम पुरं झालं आणि 24 मे 1864 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर गावाला मिळाली. खर्च साडेतीनशे पौंडांच्या थोडा वर. रहाट वॉलिंगफर्डच्या वाइल्डर कारखान्याचा, आणि हत्ती बसलाय तो त्या यंत्रावरच. भरलेला पोहरा वर यायला दहा-एक मिनिटं लागायची. आमच्या एका मावशींनी हे ऐकून लगेच विचारलं, "आणि दोर तुटला तर?" मला उत्तर सुचलं नाही.

पाणी फुकट. मग देखभालीला पैसा कुठून? शेजारी जमीन घेऊन चेरीची बाग लावली, फळं विकून खर्च भागवायचा. बागेचं नाव ईश्वरी बाग. बागेत माशाच्या आकाराचं तळं, कारण मासा हे बनारसच्या राजघराण्याचं चिन्ह. रखवालदाराला अष्टकोनी घर. 1882 साली राणी व्हिक्टोरिया गोळीबारातून वाचली, तेव्हा महाराजांनी स्टोक रोला चक्क गावजेवण घातलं. ऑक्सफर्डशायरच्या शेतमजुरांनी काशीनरेशांच्या खर्चाने पंगत झोडली, हे चित्र मला फार आवडतं.

तेव्हा अशी दानं आणखीही झाली. मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी 1869 साली लंडनच्या रीजंट्स पार्कात पाणपोई बांधून दिली. ती देखणी आहे, जरूर पाहा. पण लंडनला इथल्यासारखी पाण्याची ददात नव्हती. स्टोक रोने मात्र आपल्या विहिरीचा रहाट सत्तर वर्षांहून जास्त काळ फिरवला.

नळ आल्यावर रहाट थांबला. 1964 साली शताब्दीचा सोहळा झाला, प्रिन्स फिलिप आले, आणि बनारसहून आणलेलं गंगाजल विहिरीत ओतलं गेलं. त्यामुळे माझे पाहुणे काठावर उभे राहून हात जोडतात, तेव्हा मी आता त्यांना अडवत नाही. चपला तेवढ्या घालायला सांगते. गवत बहुतेक ओलं असतं.