आमची वाटचाल: म्हापशाच्या काचेपासून मालिमच्या बोटींपर्यंत

आमचा मूळ धंदा काचेचा. म्हापशात वडिलांचं ॲल्युमिनियम सेक्शनचं छोटं वर्कशॉप होतं. दुकानांचे शोकेस, बाल्कनीच्या स्लायडिंग खिडक्या, चवथीच्या आधी नव्या घरांची घाई, असं ते काम. बोटीशी आमचा संबंध फेरीतून पलीकडे जाण्यापुरता. पणजीसमोरच्या मालिम मासेमारी जेटीवरचा एक ट्रॉलरवाला फुटलेली खिडकी गोणपाटात गुंडाळून घेऊन आला, तेव्हा वडिलांनी तो तुकडा बोटाने वाजवून बघितला आणि म्हणाले, "ही काच नव्हे." तरीही त्यांनी काम घेतलं.

गोव्यात बोटी बांधणारे कमी नाहीत. वास्कोचं गोवा शिपयार्ड १९५७ पासून आहे, नदीकाठांवर फायबरच्या बोटी बनवणारे आहेत, लाकडी होड्या बांधणारे मेस्त, म्हणजे सुतार, आहेत. पण व्हीलहाऊसच्या, म्हणजे सुकाणूच्या केबिनच्या, दोन खिडक्या गळतात म्हणून कोणी मोठ्या यार्डात जात नाही, आणि मेस्त म्हणतो, प्लास्टिकचं मला सांगू नका. ही मधली जागा रिकामी होती, तिथे आम्ही शिरलो. खरं सांगायचं तर बरीच वर्षं घर बिल्डिंगच्या खिडक्यांवरच चाललं. बोटीची कामं वडिलांच्या मते माझी हौस होती.

येणारी बोट बहुतेक वेळा आधी कुणीतरी दुरुस्त केलेली असायची आणि दुखणं ठरलेलं असायचं. खिडकीला सगळीकडून स्क्रू, तेही भोकाच्या तोंडाला खोलगट करून आत बसवलेले, आणि पिळून घट्ट केलेले. प्रत्येक भोकातून तडा निघालेला. असा स्क्रू पाचरीसारखं काम करतो. तुम्ही आवळत जाता तसा तो शीट फाकवत जातो. त्यावर कडेने सीलंटची, म्हणजे फट बुजवायच्या चिकट मसाल्याची, जाड वेल ओढलेली. पावसात आत पाणी आलं की त्या वेलीवर आणखी एक वेल.

यामागचं कारण आकड्यांत सांगितलं की गिऱ्हाइकाला लगेच पटतं, म्हणून तो हिशेब मी वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. बोटीच्या खिडक्या पारदर्शक प्लास्टिकच्या, ॲक्रिलिकच्या नाहीतर पॉलिकार्बोनेटच्या. एक मीटर लांबीचं ॲक्रिलिक एका अंशामागे साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं. ॲल्युमिनियम ०.०२३, काच फक्त ०.००९. धुरकट रंगाची शीट सकाळी २५ अंशांवर असेल, तर मे महिन्याच्या दुपारी डेकवर ती ६० ला टेकते. म्हणजे मीटरभराची खिडकी दिवसात जवळपास अडीच मिलिमीटर वाढते आणि रात्री पुन्हा आखडते. बिल्डिंगच्या काचेचा अनुभव इथे उपयोगाचा नाही. इथे माल रोज हलणार, हे धरूनच खिडकी बसवावी लागते. पॉलिकार्बोनेटचंही वाढणं जवळपास तेवढंच.

दोन्हींतलं काय घ्यायचं, यावर जेटीवर हिरिरीने वाद होतात. पॉलिकार्बोनेट हातोड्याने फुटत नाही, म्हणून मालकांना तेच हवं असतं. पण ते ॲक्रिलिकपेक्षा जास्त वाकतं, त्यावर ओरखडे पटकन पडतात, आणि उन्हापासून वाचवणारा थर नसेल तर पिवळं पडतं. बऱ्याच शीटांना तो थर एकाच बाजूला असतो. कुठली बाजू बाहेर, ते वरच्या फिल्मवर लिहिलेलं असतं. फिल्म आधीच ओरबाडून काढणारा कारागीर आमच्याकडे टिकत नाही. माझं मत असं: समोरून लाट किंवा दोरीचा हूक बसायची शक्यता असेल तिथे पॉलिकार्बोनेट, बाकी सगळीकडे कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, ॲक्रिलिक. एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं, ॲक्रिलिक स्वस्त पडतं, पण त्याला सॉल्व्हंट लागलं की जाळीसारखे बारीक तडे लवकर येतात. ते मी बोटीवर लावत नाही. दर ऐकून काही जण उठून जातात. जाऊ देत.

भोकं पाडण्याचं काम मी अजून दुसऱ्याच्या हाती देताना जवळ उभा राहतो. साधं ड्रिल शीटमध्ये घुसलं की ओढून घेतं आणि पलीकडून टवका उडवतं. म्हणून टोकाची धार थोडी मारायची, खाली लाकडाची फळी घट्ट धरायची, वेग कमी ठेवायचा. स्क्रू ५ मिलिमीटरचा असेल तर भोक ८ चं, डोकं चपटं, खाली वॉशर. कोपरे गोल हवेतच. काटकोनी कोपऱ्यातून तडा जाणार हे ठरलेलं. शक्य असेल तिथे स्क्रू नकोतच, असं आता माझं म्हणणं आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप शीटला जागेवर धरते आणि खाली ठरावीक जाडी राखते, सीलंट बाकीचं काम करतं.

जाडी हाच या धंद्यातला खरा मुद्दा. सीलंटचा थर किमान ३ मिलिमीटर राहिला तर तो रबरासारखा ताणला जातो आणि खिडकीबरोबर हलतो. आवळून तो कागदाइतका पातळ केलात तर ताणायला काही उरत नाही आणि तो कडेने सुटतो. "घट्ट मार रे बाबा, समुद्रात जायचंय," असं सांगणारा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, दर मोसमात भेटतो. त्याची भीती समजते. त्याला मी सांगतो, बाबा, घट्टपणा चिकटण्यात आहे, पिळण्यात नाही.

सीलंट कोणतं, यावर तर दुकानदारसुद्धा चुकीचं सांगतात. पॉलिसल्फाइड लाकडी डेकच्या सांध्यांना उत्तम, पण ते ॲक्रिलिकला आणि पॉलिकार्बोनेटला खातं. पॉलियुरेथेन ताकदीचं, पण पारदर्शक शीटमधून ऊन थेट चिकटलेल्या जागेवर पडतं आणि पकड सुटत जाते. राहतं सिलिकॉन, त्यातही न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं. ओळखायची खूण सोपी आहे: ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ती बाजूला ठेवा, बाथरूमला वापरा. व्हिनेगरचा वास ओळखायला गोव्यात कुणाला शिकवावं लागत नाही. सिलिकॉनची एक खोड मात्र आहे: एकदा लागलं की त्या जागेवर रंग चिकटत नाही, फायबर चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. म्हणून जुनं खरवडून काढण्यातच आमचा निम्मा वेळ जातो. मजुरीवर घासाघीस होते तीही नेमकी यावर, कारण संपल्यावर त्या कामाचं काहीच दिसत नाही.

धंद्याचं वेळापत्रक आमच्या हातात नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा मालिम, कुटबण, शापोरा, वास्कोचा खारेवाडा, सगळीकडचे ट्रॉलर उभे असतात आणि सगळ्यांना तेव्हाच खिडक्या हव्या असतात. पणजीत वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा भाग याच दोन महिन्यांत. सिलिकॉनला पक्कं व्हायला हवेतली ओल लागते, त्यामुळे दमट हवा चालते. पण चिकटायची जागा कोरडी ठणठणीत हवी. ताडपत्रीचा मांडव बांधायचा, चौकट पुसायची, पंखा लावून वाट बघायची. मग मालकाचा फोन येतो की अजून लागत का नाही. त्यापेक्षा नदीत फिरणाऱ्या पर्यटकांच्या बोटी बऱ्या, त्यांच्याशी तारखेचं बोलता येतं.

दिवाडीच्या यार्डात बांधलेली शिडाची बोट 'म्हादेई' २००९ मध्ये नौदलाकडे गेली, नौदल अधिकारी दिलीप दोंदे त्याच बोटीवरून २०१०पर्यंत एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि २०१७-१८ मध्ये 'तारिणी'वरून सहा महिला अधिकाऱ्यांनी तीच वाट पुरी केली. त्या बोटींच्या कामाशी आमचा काडीचा संबंध नाही. पण गोव्यात बनलेली बोट दक्षिण महासागरात जाऊन येते, हे लोकांनी पाहिलं, आणि मग खिडकीच्या मालाबद्दल प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं येऊ लागली. आधी फक्त भाव विचारायचे.

वडील आता वर्कशॉपला येतात ते दुपारी, पेपर वाचायला. म्हापशातलं बिल्डिंगचं काम धाकटा भाऊ बघतो. बेतीच्या बाजूला भाड्याची शेड घेतली आहे, पेडण्याची दोन मुलं तिथे शिकून तयार झाली आहेत. काम संपलं की पाण्याची नळी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायची, आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं, ही चाचणी मालकासमोर होते. वरून पाणी मारलं तर गळती नेमकी कुठून, ते कळत नाही. पाणी आतल्या अस्तरामागून उतरून भलतीकडेच टपकतं.

पावतीबरोबर एक चिठ्ठी देतो, केबिनमध्ये चिकटवायला: आधी भरपूर पाण्याने मीठ धुवा, मग साबणाचं पाणी आणि मऊ कापड. काच पुसायचा स्प्रे नको, थिनर नको, वर्तमानपत्र नको, इंजिनजवळ पडलेलं डिझेलचं फडकं तर मुळीच नको. चिठ्ठी बहुतेकदा नेमकी खिडकीवरच चिकटवलेली सापडते.