ज्या गावचा बाजार, त्या गावची गाडी

मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या वाहाका शहरात मुख्य बसस्थानकं दोन. एक पहिल्या वर्गाच्या गाड्यांचं: काचेची दारं, तिकिटावर आसन क्रमांक, सामानाला पावती, फलाटावर चिटपाखरू नाही. दुसरं दुसऱ्या वर्गाच्या गाड्यांचं, सेंट्रल दे आबास्तोस या अफाट बाजाराला अगदी लागून. मेक्सिको सिटीहून आम्ही पहिल्यावर उतरलो, आणि नंतरचा सगळा मुक्काम दुसऱ्याच्या जिवावर काढला.

माझी उभी नोकरी एसटीत झाली. शेवटची वर्षं वर्धा जिल्ह्यात वाहतूक नियंत्रक होतो. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लेक-जावई केरेतारोला आयटीत आहेत, म्हणून आमचं मेक्सिकोला जाणं झालं. लेकीचा बेत होता की आईबाबांनी समुद्रकाठी चांगल्या हॉटेलात आराम करावा. सौ. म्हणाली, "आराम घरी होतोच की गं. आम्हाला गावं बघू दे." मग मी नकाशा पुढ्यात घेतला.

वाहाकाभोवती तीन खोरी आहेत. वायव्येला एत्लाचं, पूर्वेला त्लाकोलुलाचं, दक्षिणेला साचिला आणि ओकोत्लानचं. खोऱ्यातल्या मोठ्या गावांचे बाजाराचे वार ठरलेले आहेत: रविवारी त्लाकोलुला, बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान. शनिवारी खुद्द शहरातला बाजार भरभरून वाहतो. स्पॅनिश लोक इथं येण्याआधीपासून वारांची ही साखळी चालत आली आहे. तीच आम्ही आमचं वेळापत्रक म्हणून धरली. बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त सुटतात, आडगावची माणसं भेटतात, आणि रस्त्यावर कोण काय घेऊन कुठं निघालंय हे खिडकीतून समजतं. एखादा मुलूख समजून घ्यायचा असेल तर त्याच्या बाजाराच्या गाडीत बसावं, असं माझं नोकरीपासूनचं मत आहे. तिथं ते आणखी पक्कं झालं.

गाडीचं सांगतो. पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगानं गावांची नावं हातानं लिहिलेली. चालकाच्या डोक्यावर ग्वादालुपेच्या माउलीची, म्हणजे मेरीमातेची तसबीर, काचेला गोंडे. दारात मदतनीस उभा, तोच पुकारतो, तोच पैसे घेतो. वाटेत कुठंही हात दाखवा, गाडी थांबते. मी चालकाच्या मागची जागा धरायचो. वाटेत देऊळ म्हणजे चर्च आलं की चालक एका हातानं क्रूसाची खूण करायचा, नजर मात्र रस्त्यावरून हलायची नाही. एकदा त्लाकोलुलाच्या वाटेवर एक म्हातारी दोन जिवंत टर्की घेऊन चढली, पाय बांधलेल्या. मदतनिसानं टर्की हळूच उचलून टोपलीत नीट बसवल्या, टोपली पुढच्या मोकळ्या जागेत सरकवली, आजींना आधार दिला, आणि त्या सीटवर टेकल्यावरच हातानं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. तोवर गाडी हलली नाही. उभ्या आयुष्यात मी चालक-वाहकांना जे सांगत आलो ते या पोरानं कुणी न सांगता केलं. उतरताना मी त्याचा हात हातात घेऊन दाबला.

तिथल्या रस्त्यांवर गतिरोधक फार. प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक, शाळेपाशी एक, शेवटच्या घरापाशी एक. गाडी तिथं संथ होते, म्हणून विकणारेही तिथंच उभे राहतात. शेंगदाणे, तिखट लावलेल्या आंब्याच्या फोडी, पाण्याच्या पिशव्या. एक बाई या गतिरोधकावर चढायची, सगळ्या गाडीला विकत मागे जायची आणि पुढच्या गतिरोधकाला उतरून जायची. तिला परतीची गाडी मिळत असणारच, आणि तिला कुणी तिकीट विचारत नसे. गाडीत कुणी खात असेल तर शेजारून जाणारा अनोळखी माणूसही "बुएन प्रोवेचो", म्हणजे खाल्लेलं अंगी लागो, म्हणून पुढं सरकतो. सौ.नं हे पहिल्याच आठवड्यात उचललं.

शहरात राहण्याऐवजी आम्ही त्लाकोलुलातच एका घरातली खोली घेतली. घरच्या बाई साठीच्या. त्यांचं आणि सौ.चं पहिल्याच सकाळी जमलं, ते गिरणीमुळे. बाई पहाटे बादली घेऊन निघाल्या तशी ही पण मागे गेली आणि मला हाक मारली, "अहो, चला लवकर, इथं ओलं दळतात!"

मक्याची ही रीत मी मुद्दाम नीट पाहिली. आदल्या रात्री मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा आणि तसाच झाकून ठेवायचा. सकाळी तो पिवळसर पाण्यात फुगलेला असतो. धुताना दाण्याचं साल बोटांत सुटून येतं. हा झाला निश्तामाल. मग ओलाच गिरणीत टाकायचा. दगडांमधून कोरडं पीठ पडत नाही, ऊन ऊन मऊ लगदा पडतो, आणि त्याला पावसानंतरच्या भिंतीचा वास असतो. घरी कोमालवर, म्हणजे मातीच्या तव्यावर, भाकरी पडतात. तव्यालाही आधी चुन्याचं पाणी फासतात, म्हणजे चिकटत नाहीत. बाईंच्या बादलीत एकेदिवशी निळा मका असायचा, एकेदिवशी पांढरा.

चुन्याची गोष्ट साधी नाही. त्यानं मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण ही रीत नेली नाही. पुढं उत्तर इटलीत, स्पेनमध्ये मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, बुद्धी भ्रमायची, माणसं मरायची. गिरणीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या आज्या-पणज्यांनी हे ज्ञान हजारो वर्षं हातात जपलं. सौ. रांगेत प्रत्येकीच्या बादलीत डोकावून बघायची आणि त्या हौसेनं दाखवायच्या.

आम्ही दोघं शाकाहारी, त्याची चिंता लेकीला जास्त होती. बाजाराच्या गावी ती मिटली. भोपळ्याची फुलं, निवडुंगाची कोवळी पानं, घोळ, राजगिऱ्याची भाजी, काळ्या घेवड्याचा रस्सा, आणि केसियो, म्हणजे दोऱ्यासारखं सुटणारं, लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं चीज. त्लायुदा ही परातीएवढी कडक भाकरी; तिच्यावर डुकराची चरबी लावतात, ती नको म्हणून आधी सांगायचं. रविवारच्या बाजारात तेहाते पिणं हा आमचा नेम झाला. मका, कोको, मामेय फळाची बी आणि एका झाडाची सुवासिक फुलं एकत्र वाटून मोठ्या मातीच्या भांड्यात बाई कोपरापर्यंत हात घालून घुसळत बसते. वर पांढरा फेस येतो. रंगवलेल्या भोपळ्याच्या वाटीत तो फेसासकट देतात. उन्हात दोन वाट्या प्याल्यावर दुपारचं जेवण लागत नाही.

त्लाकोलुलाच्या अलीकडे तेओतित्लान देल वाये हे विणकरांचं गाव आहे. मुख्य रस्त्यावर उतरून आत जावं लागतं. घराघरांत पायमाग, लोकरीचे गालिचे, आणि सापोतेक ही इथल्या मूळ रहिवाशांची भाषा. एका घरातल्या मुलीनं निवडुंगाचं एक पान आमच्यापुढं धरलं. त्यावर पांढरी भुकटी बसलेली. तिनं त्यातला एक कण सौ.च्या तळहातावर ठेवला आणि अंगठ्यानं चिरडला. गर्द किरमिजी रंग पसरला. हा कोचिनियाचा किडा. मग तिनं त्यावर लिंबाचा थेंब पिळला, रंग केशरी-लाल झाला. खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली, जांभळ्याकडे गेला. वसाहतीच्या काळात चांदीच्या खालोखाल ज्या मालावर स्पेननं पैसा केला त्यात हा किडा होता, युरोपातले उंची लाल झगे यानंच रंगले. तळहातावरचा डाग सौ.नं लगेच धुऊ दिला नाही. इतक्या किड्यांचा जीव जातो हे तिला लागलं, ते तिनं मोकळेपणानं म्हटलंही. मुलीनं ऐकून घेतलं आणि निळीचं, शेवाळाचं, झेंडूच्या कुळातल्या पेरिकोनचं रंगवलेलं सूत काढून दाखवलं.

त्याच गावात गेलागेत्साची वही पाहिली. जुलैत वाहाका शहरात या नावाचा मोठा नृत्योत्सव होतो, पण गावात गेलागेत्सा म्हणजे देवाणघेवाण. कुणाच्या घरी लग्न निघालं की तुम्ही टर्की, मका, कोको, भाकरी द्यायच्या. ते वहीत लिहून ठेवायचं. तुमच्याकडे कार्य निघालं की तेवढंच, त्याच मापानं परत यायचं. आपल्याकडे आहेर लिहितात तसंच, फक्त इथं पैशापेक्षा जिन्नस मोलाचा. वहीत आजोबांच्या काळच्या नोंदी होत्या, देणं नातवापर्यंत चालत येतं. आमच्या घरमालकीणबाईंना सौ.नं वर्ध्याहून नेलेली खादीची साडी दिली. बाई आत गेल्या, वही आणली आणि सौ.चं नाव विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तुमच्याकडे कार्य कधी आहे ते कळवा.

साचिलाचा गुरुवार गुरांचा. बैल, बकऱ्या, डुकरं, कोंबड्या. मला तिथं करमलं, सौ.ला नाही. ओकोत्लानचा शुक्रवार उलट. चित्रकार रोदोल्फो मोरालेस याच गावचे, 1925 मध्ये जन्मले, 2001 मध्ये गेले. चित्रांचा पैसा त्यांनी गावातली जुनी पडकी चर्चं उभी करण्यात घातला. नगरपालिकेच्या इमारतीत त्यांची भित्तिचित्रं आहेत, बाजारहाट आणि बायका आणि शेतं. दाखला काढायला आलेली माणसं त्याच चित्रांखाली रांगेत उभी होती. एत्लाच्या बुधवारी केसियो घेतलं, एवढंच.

एका गुरुवारी रास्ता रोको लागला. रस्त्यावर आडव्या गाड्या, टायर, माणसं शांत बसलेली. चालकानं इंजिन बंद केलं. प्रवाशांनी कुरकुर न करता सामान डोक्यावर घेतलं आणि सगळे अडथळ्यातून पायी पलीकडे निघाले. पलीकडून अडकलेली गाडी तिथंच वळून परत जाणार होती, तिच्यात बसले. दोन चालकांनी आपापसांत प्रवासी बदलले, कुणी दुसऱ्यांदा पैसे मागितले नाहीत. अशा दिवसांत वाहतूक कशी चालू ठेवायची यावर मी नोकरीत कितीतरी बैठका पाहिल्या आहेत. हा तोडगा मला फार आवडला.

खोऱ्यांतून एकदाच बाहेर पडलो, उत्तरेच्या डोंगरात गेलाताओला. पाइनच्या जंगलातून घाट चढत गाडी जाते, वळणावळणाला धुकं. बेनितो ह्वारेस 1806 मध्ये या खेड्यात जन्मले. तिसऱ्या वर्षी आईबाप गेले, काकाकडे मेंढ्या राखल्या, सापोतेकशिवाय भाषा येत नव्हती. बाराव्या वर्षी पायी वाहाकाला गेले, शिकले, वकील झाले, पुढं देशाचे राष्ट्राध्यक्ष. सौ.नं तळ्याकाठच्या पुतळ्यापाशी बसून पोरं शाळेतून सुटेपर्यंत वाट पाहिली. मास्तरीण ती, तिला शाळेची वेळ बरोबर कळते.

तिथल्या दुकानदारानं गावचा कारभार समजावून सांगितला. वाहाका राज्यात 570 नगरपालिका, त्यातल्या चारशेहून अधिक ठिकाणी पक्ष नाहीत, पत्रकं नाहीत. गावसभेत रूढीनं माणसं निवडतात. तरुणपणी निरोप्या-रखवालदारापासून सुरुवात करायची, पायरी पायरीनं वर जायचं, आणि हे बहुतेक सगळं बिनपगारी. शिवाय तेकिओ, म्हणजे रस्ता, पाण्याची नळवाट, शाळेचं छप्पर यांसाठी प्रत्येक घरातून श्रमदान. दुकानदार स्वतः त्या वर्षी पाणीवाटपाचं काम बघत होता आणि दुकान बायकोवर सोपवलं होतं. थकवा येतो, म्हणाला, पण नाही म्हणता येत नाही.

परतताना मेक्सिको सिटीजवळ एक काम माझ्या मनात होतं. तापो स्थानकावरून तेस्कोकोची बस धरली आणि चापिंगोला उतरलो. तिथलं शेतकी विद्यापीठ म्हणजे आमच्या वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोज्यांची कर्मभूमी. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक 1920च्या दशकात मेक्सिकोत आला, इथं शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेरा यानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटणाऱ्या माणसाच्या रूपात त्यांना रंगवलं आहे. 2022 साली लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. आम्ही दोघांनी चपला काढून नमस्कार केला. संस्थेचं ब्रीद असं: जमीन पिळायला शिकवा, माणूस पिळायला नव्हे.

परतीच्या बसमध्ये शेजारी चियापासचा एक विद्यार्थी बसला होता. वर्धा कुठं ते मी त्याला फोनवरच्या नकाशात दाखवलं. तिथं काय पिकतं, त्यानं विचारलं. कापूस, तूर, सोयाबीन, मी म्हणालो. मका? थोडाफार. मग तापो येईपर्यंत तो आम्हाला त्याच्या वडिलांच्या शेतातल्या चार रंगांच्या मक्याबद्दल सांगत राहिला, आणि सौ. त्याला चुना किती घालायचा ते विचारत राहिली.