तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकराराचं पोर्तुगीज

"लिस्बनमध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं, मग भाडेकरारातलं हे जड पोर्तुगीज कशाला घोकत बसतेस?" दर दिवाळीच्या फराळाला कुणीतरी विचारतंच. मी हसून चकलीचा डबा पुढे करते. यंदा लिहूनच टाकते.

माझं पोर्तुगीज तेव्हाही वाईट नव्हतं. बाजार, बस, दवाखाना, सगळीकडे निभत होतं. घरमालकीणबाईंशी तर जिन्यात अर्धा अर्धा तास गप्पा चालायच्या. पण पत्रात त्याच बाई 'सेन्योरिया' (घरमालकीण) होतात, मी 'अरेंदातारिया' (भाडेकरू) होते, आणि जिना कुठल्या कुठे राहतो.

२०१९च्या ऑक्टोबरात तीन वर्षांचा करार केला होता. २०२२च्या उन्हाळ्याआधी स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, म्हणून बाईंना रंगकामाचं विचारलं. मेअखेर पोस्टमन आला. पोचपावतीवर सही केली, पाकीट फोडलं. सुरुवात 'वेन्यु पोर एश्त मेयु' अशी, म्हणजे आपलं 'उपरोक्त विषयास अनुसरून'. पुढे मधोमध 'ओपुझिसांव आ रेनुवासांव'. ओपोझिशन म्हणजे विरोध, रिनोव्हेशन म्हणजे डागडुजी. इंग्रजी येतं ना मला! बाईंचा रंगकामाला नकार आहे, एवढाच अर्थ मी काढला. एका भिंतीसाठी रजिस्टर पत्र? या लोकांना कागदाचं भारी वेड, असं नवऱ्याला सांगून हसलेसुद्धा. मग बाईंना मेसेज केला: काही हरकत नाही! पुढे स्माइली.

पत्रातलं 'रेनुवासांव' म्हणजे नूतनीकरण, पण कराराचं. एक ते सहा वर्षांच्या करारात पुढची मुदत द्यायची नसेल, तर मालकाने किमान १२० दिवस आधी कळवायचं असतं. बाईंनी चोख कळवलं होतं. ते १२० दिवस मी खिडकीत कढीपत्त्याचं रोप जगवण्यात घालवले.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचा मेसेज आला. तीस तारखेला 'शाव्ह' किती वाजता देणार? हा एक शब्द मात्र कधी शिकावा लागला नव्हता. पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आलेली चावी. मी जिन्यात जाऊन बसले. बाई वर आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही तर हरकत नाही म्हणालात, मला किती हायसं वाटलं होतं. त्यांच्यावर चिडायलाही जागा नव्हती. तीन आठवड्यांत ६५० युरोंचं घर सोडून ९५० युरोंच्या घरात गेलो. मुलीची शाळा बदलली. त्याबद्दल ती अजून अधूनमधून टोमणा मारते.

नवरा म्हणतो, तेव्हा फोनवर भाषांतर करून पाहिलं असतंस तर दोन मिनिटांत कळलं असतं. खरं आहे. म्हणजे चूक पोर्तुगीज न येण्याची नव्हती, येतंय असं वाटण्याची होती, आणि त्यावर उपाय म्हणून आणखी पोर्तुगीज शिकणं हे त्याला हास्यास्पद वाटतं. मलाही कधी कधी वाटतं. पण आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारातला 'भोगवटा' तरी मी कधी नीट वाचला होता? सही ठोकली होती, दलालाने बोट ठेवलं तिथे.

म्हणून घोकते. 'काउसांव' म्हणजे अनामत. 'फियादोर' म्हणजे जामीन. 'देनूंसिया' म्हणजे एरवी तक्रार, पण भाडेकरारात मुदतीआधी करार सोडत असल्याची नोटीस. हा शब्द पाहिला की अजून पोटात गोळा येतो.

२०२५ला भाडेवाढीचं पत्र आलं. भाडेवाढीचा सरकारी गुणांक १.०२१६, ९५०चे ९७० युरो ५२ सेंट. मी ते ॲपशिवाय, मोठ्याने, नवऱ्याला ऐकू जाईल असं वाचलं. तो झोपल्यावर फोटो काढून ॲपमध्येही टाकलं.