सोळा मात्रा आणि १०८ मिलिमीटर

बाबांच्या बंदिशींच्या तीन वह्या गेल्या दिवाळीनंतर मी टाइप करायला घेतल्या. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी त्यांनी चाळीस वर्षं गाणं शिकवलं. वह्यांत भातखंडे पद्धतीची स्वरलिपी आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. त्याखाली बोल, आणि मात्रेखाली मात्रा चुकता कामा नये. म्हणून नेहमीच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरऐवजी लाटेक घेतलं; त्यात पानाची मांडणी आणि मापं फाइलमध्ये लिहून द्यायची असतात. चिन्हं आठवड्यात जमली. मापं जमायला दीड महिना लागला. बंदिशी छापू पाहणारा कुणीही नेमका इथेच अडकेल असं वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुस्तक डेमी आकाराचं, साडेपाच बाय साडेआठ इंच. मजकुराची रुंदी १०८ मिलिमीटर धरली. त्रितालाच्या मात्रा १६, तेव्हा एका मात्रेचं घर ६.७५ मिलिमीटर. कागदावर हिशेब इतका सरळ होता, पण पहिलाच तक्ता पानाबाहेर गेला. कारण लाटेक प्रत्येक रकान्याच्या दोन्ही बाजूंना ६-६ पॉइंट मोकळी जागा सोडतं (पॉइंट म्हणजे छपाईतलं माप, इंचाचा साधारण बहात्तरावा भाग). सोळा रकान्यांचे झाले १९२ पॉइंट, म्हणजे साडेसदुसष्ट मिलिमीटर! ती जागा शून्य केली.

तरी ‘ओव्हरफुल’ ही सूचना येतच राहिली, ओळ २.२८ पॉइंट जास्त. मी माप सेंटिमीटरमध्ये लिहिताना ०.६७५ चं ०.६८ केलं होतं. एका घरात फरक फक्त ०.०५ मिलिमीटर, पण सोळा घरांत तो ०.८ मिलिमीटर होतो, आणि ०.८ मिलिमीटर म्हणजे बरोबर २.२८ पॉइंट. यंत्राचा यात काही दोष नाही. लाटेक ज्यावर चालतं ते टेक डोनाल्ड क्नुथ यांनी १९८२ मध्ये नव्याने लिहिलं, तेव्हापासून एका पॉइंटचे ६५,५३६ भाग करून ते प्रत्येक लांबी पूर्णांकात धरतं. तो एक भाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. आकडा मी आधीच गोल करून दिला, तर या बारकाईचा उपयोग काय? त्या रात्री मात्र मी कंटाळून तीन पॉइंटपर्यंतच्या चुकांची सूचनाच बंद करून ठेवली.

आमच्या शेजारचे काका खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, जमान्यातले कंपोझिटर. त्यांना नमुना दाखवायला गेले, तर म्हणाले, “अगं, रुंदी मिलिमीटरमध्ये काय सांगतेस? एममध्ये सांग.” एम हे छापखान्यातलं रुंदीचं माप. त्यांनी तोंडीच हिशेब केला, साडेपंचवीसला जरा वर. घरी येऊन मी २५.६ एम लिहिलं आणि मजकूर नऊ-साडेनऊ मिलिमीटर अरुंद झाला. काकांचा हिशेब अचूक होता. त्यांचा एम पायकाचा, कायमचा १२ पॉइंटांचा. टेकचा एम चालू टाइपाबरोबर बदलतो आणि माझा टाइप होता ११ पॉइंटांचा. दुसऱ्या दिवशी काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिळ्यांबद्दल बोलत बसले, आणि मीही ऐकत बसले.

हाच बदलणारा एम पुढे फार कामाला आला. तारसप्तकाचं टिंब मी अक्षरापासून ०.८ मिलिमीटर वर ठेवलं होतं. फोनवर वाचायच्या प्रतीसाठी टाइप मोठा केला, तर टिंबं अक्षरांत बुडाली. तेच अंतर माझ्या ११ पॉइंटांच्या टाइपात ०.२१ एम होतं. तसं लिहिल्यावर टाइप कितीही करा, टिंब आपल्या जागी. तेव्हापासून मी फाइलमध्ये हे कडक पाळते: कागदाला बांधलेलं माप मिलिमीटरमध्ये, अक्षराला बांधलेलं एममध्ये. एकाचं दुसऱ्यात रूपांतर हाताने करायचंच नाही.

सगळ्यात मोठा घोळ प्रेसमध्ये झाला. त्यांनी फोनवर पानाचं माप सांगितलं, ३९६ बाय ६१२ पॉइंट. मी तेच आकडे लाटेकमध्ये टाकले. नमुना आला तेव्हा मशीनवरचे भाई म्हणाले, “बेन, साइज ओछी पडे छे.” स्टीलच्या पट्टीने मोजलं: रुंदीत अर्धा मिलिमीटर कमी, उंचीत ०.८. दोन्ही आकडे बरोबर होते, पॉइंट मात्र दोन निघाले. पीडीएफ आणि पोस्टस्क्रिप्ट ही छपाईयंत्रांची भाषा इंचाचे ७२ पॉइंट करतात. टेकमध्ये इंचाचे ७२.२७ पॉइंट आहेत, अमेरिकी टाइप फाउंड्रीवाल्यांनी १८८६ मध्ये ठरवलेल्या जुन्या मापाप्रमाणे. (बडोद्यातली गायनशाळाही १८८६ चीच. बाबा तिथेच शिकले, म्हणून हे साल वाचताना मी थांबले.) टेकमध्ये ७२ वाला पॉइंटही आहे, त्याचं नाव बीपी. मी आता या दोन्हींच्या वाटेला जात नाही, थेट ५.५ इंच आणि ८.५ इंच लिहिते. इंच १९५९ पासून नेमका २५.४ मिलिमीटर आहे, त्यामुळे तिथे संशयाला जागा नाही.

आणखी एक. घरच्या प्रिंटरवर प्रत काढून मोजायची असेल, तर ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा, नाहीतर तो परस्पर पान लहान करतो. मी प्रत्येक चाचणी पानाच्या तळाशी १०० मिलिमीटरची रेघ छापते आणि आधी तीच मोजते.

बाबांच्या हस्ताक्षराच्या चार पानांचे फोटोही घातले. एकाची रुंदी १०८० पिक्सेल. १०८ मिलिमीटरवर पसरला की सेंटिमीटरला १०० ठिपके, म्हणजे इंचाला २५४. प्रेसला ३०० हवे होते. मग तो ९१ मिलिमीटरच ठेवला आणि आजूबाजूला कोरी जागा सोडली.

चौतालाने त्रास दिला नाही, १२ घरं आणि प्रत्येक बरोबर ९ मिलिमीटरचं. धमाराच्या १४ मात्रांना ७.७१४२८५… असं न संपणारं माप येतं. ते मी लिहिलंच नाही, रुंदीला १४ ने भागायचं काम टेकवर सोडलं.

शेवटचं प्रूफ आईने वाचलं. बाबांकडे शिकलेली ती पहिली शिष्या. ओठांत गुणगुणत मात्रांवरून बोट फिरवत होती, तेव्हा एका अंतऱ्यावर बोट थांबलं. “इथे तिसरी टाळी वरच्या ओळीच्या खाली येत नाहीये.” मला काहीच दिसेना. फाइल उघडली, तर त्या एका तक्त्यात जुनं ०.६८ तसंच राहिलं होतं. सूचना मी बंद केली होती, म्हणून कळलं नव्हतं. त्रितालाची तिसरी टाळी तेराव्या मात्रेवर, आणि तिथपर्यंत तो फरक ०.६ मिलिमीटर होतो. तक्ता दुरुस्त केला, सूचना पुन्हा सुरू केली आणि तिन्ही वह्यांचे सगळे तक्ते पहिल्यापासून चालवून मगच फाइल प्रेसला दिली.