शंभराच्या आत

शंभर झाले नाहीत म्हणून मी पेढे आणले, आणि आमच्या आप्पांना ते काही केल्या पटेना.

"शंभर झाले नाहीत?" पुडा हातात घेऊन त्यांनी विचारलं. "मग पेढे कशाचे?"

"अठ्ठ्याण्णव झाले, आप्पा."

"दोनच कमी पडले की रे. होतील पुढच्या वेळी." माझं सांत्वन करून त्यांनी एक पेढा तोंडात टाकला.

गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळ चांगला, हे मी गेल्या पाच वर्षांत त्यांना पन्नासदा तरी सांगितलं असेल. पण ज्या माणसानं उभा जन्म रेडिओला कान लावून शतकांची वाट बघितली, त्याच्या डोक्यात हे उलटं गणित शिरायचं कसं? त्यात आप्पा रेल्वेतून रिटायर झालेले. एकदा त्यांना बोगी समजावून सांगायला बसलो. बॉल होलमध्ये घालायला जितके फटके ठरवून दिलेले, ते त्या होलचं पार. ते चार असेल आणि आपल्याला पाच फटके लागले, तर ती बोगी. सहा लागले तर डबल बोगी. "माझ्यासारख्यानं अठरा होलला अठरा बोगी घातल्या तरी लय झालं," मी म्हटलं. आप्पा गंभीरपणे म्हणाले, "अठरा बोग्या? मग इंजिन कुठाय?"

तसं बघितलं तर माझ्या खेळाला नेमका तोच प्रश्न होता.

कोल्हापूर खेळवेडं आहे, पण त्या वेडात गोल्फला जागा नाही. खासबागेतली कुस्ती, शाहू स्टेडियमवरचा तालमींचा फुटबॉल, यांच्याबद्दल इथं कुणीही तासभर बोलेल. १ ऑगस्ट २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हा आमच्या चौकातल्या पानवाल्याला त्याचे ४५१.४ गुण दशांशासकट पाठ होते. म्हणजे मनावर घेतलं तर गाव कुठलाही हिशेब शिकतं. माझा हिशेब मात्र कुणी मनावर घेत नाही. शिवाजी पेठेतला माझा शाळेपासूनचा दोस्त, सीझनमधली एकही मॅच न चुकवणारा, त्यानं सगळे नियम शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. "भावा, ह्यात भांडायचं कुणाशी?"

मी या खेळात आलो तो धंद्यापायी. शिरोलीला आमची छोटी फाउंड्री आहे, धातूचं ओतकाम करायची. चाकणच्या एका कंपनीतले खरेदीचे साहेब गोल्फ खेळायचे आणि दराची बोलणी त्यांना चालता चालता करायला आवडायची. त्यांच्या मागून मी पुण्यात येरवड्याला, विमानतळाच्या रस्त्यावरच्या कोर्सवर गेलो. साहेबांची पुढं बदली झाली, ऑर्डर दुसऱ्याला गेली आणि गोल्फ तेवढा माझ्या गळ्यात राहिला. महिन्यातल्या एका शनिवारी पहाटे तीनला गाडी काढायची, खंबाटकी ओलांडून पुणं गाठायचं, अठरा होल खेळायचे, कामं उरकायची आणि रात्री जेवायला घरी. बायको म्हणते, एवढ्या पहाटे उठून कोण पंढरपूरला जात नाही.

पहिल्या दिवशी माझे १३१ झाले. त्यातले चारपाच तर बॉलला लागलेच नव्हते. मारायच्या इराद्यानं काठी फिरवली आणि ती नुसतीच वाऱ्यातून गेली, तरी तो फटका मोजायचा, असा नियम आहे. बॉल हरवला तर शोधायला तीन मिनिटं. २०१९च्या आधी पाच मिळायची. मी नेमका नंतर आलो. न सापडल्यास एक दंड आणि पुन्हा जिथून मारला तिथंच परत. बंकरचं, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांचं, तर बोलायलाच नको. पंचवीस वर्षं फाउंड्रीत साच्यांच्या वाळूत काढली. वाळूत ओल किती, बेंटोनाईटची माती किती, हे मुठीत दाबून सांगतो. पण बंकरच्या वाळूत उतरलो की बॉल तिथंच, वाळू तेवढी उडून होलभोवतीच्या हिरवळीवर, ग्रीनवर.

माझ्या मुलीनं एकदा कागदावर हिशेब मांडून दिला, तेव्हा कुठं जरा उजेड पडला. अठरा होलचं मिळून पार ७२ धरलं, तर अठरा बोगींचे नव्वद होतात. म्हणजे नऊ होलला बोगी आणि उरलेल्या नऊला डबल बोगी घातली तरी ९९. शंभराच्या आत यायला एकही होल पारमध्ये मारावा लागत नाही! मी पाच वर्षं ड्रायव्हरनं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीनं, लांबलचक फटके मारायच्या नादात होतो आणि इथं नुसतं सगळीकडे बेताचं वाईट खेळून भागणार होतं. बेताचं वाईट. आमच्या धंद्यात याला रिजेक्शन हाताबाहेर जाऊ न देणं म्हणतात, आणि ते मला येतं.

मग सराव सुरू झाला. हॉलमधल्या सतरंजीवर पाणी प्यायचा स्टीलचा पेला आडवा ठेवायचा आणि त्यात पुटरनं, म्हणजे बॉल हळू ढकलायच्या काठीनं, बॉल घालायचा. खरा होल सव्वाचार इंच रुंद असतो, पेल्याचं तोंड त्याहून बारीक. पेल्यात जातो तो तिकडं जाणारच, असा माझा समज. गेल्यावर टण्ण असा जो आवाज येतो, त्यानं आईची दुपारची झोप मोडते. लांबचे फटके मात्र वडणग्याला, मामेभावाच्या रानात. ऊस तुटून गेला की पंधरा-वीस दिवस ते रान माझं. खोडक्यांत बॉल पडला की सापडत नाही. पुढं नांगरट सुरू झाली की भावाचा फोन येतो, "दाजी, तुमची तीन अंडी निघाली, येऊन घेऊन जावा."

आता एक गोष्ट सांगतो, जी आप्पांना अजून सांगितलेली नाही. गेल्या जानेवारीत माझे ९९ झाले होते. अठराव्या ग्रीनवर बॉल होलपासून दीड-दोन वितींवर थांबला होता. सोबतचे गृहस्थ भले माणूस. "घ्या उचलून, गेलाच म्हणायचा," ते म्हणाले. मी उचलला. एकास एक सामना असता तर समोरच्यानं असं सोडून देणं नियमात बसलं असतं. पण फटके मोजून खेळताना बॉल होलमध्ये गेलाच पाहिजे, नाहीतर तो होल पुरा होत नाही. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. माझी बॅग उचलणारा कॅडी होलवरचा झेंडा हातात धरून दुसरीकडं बघत होता.

कराडला चहाला थांबलो तेव्हा कार्ड खिशातून काढून बघितलं. नऊवर नऊ. बारक्या पेन्सिलीचे, पण ठळक. त्याच दिवशी चौथ्या आणि अकराव्या होलला तेवढ्याच अंतरावरून माझा पुट चुकला होता. म्हणजे त्या दीड वितीत काय झालं असतं, ते देवालाच माहीत. चहा गार झाला. मी पेनानं ९९च्या पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि घरी काही बोललो नाही. फाउंड्रीत एखादा जॉब बिघडला तर बोट दाखवायला दहा जागा असतात. वाळू, पॅटर्न, भट्टी, रात्रपाळीचा माणूस. त्या कार्डावर अक्षर तेवढं माझं होतं.

मार्चमध्ये बरोबर १०० झाले. तोंड पाडून घरी आलो आणि आकडा सांगितला. झालं! "सेंच्युरी मारली!" म्हणत आप्पांनी शेजाऱ्यांना हाक मारली. आईनं शिरा केला. मी तो खाल्ला. गरम होता, तूप सढळ होतं, दुःख करायला जागाच ठेवली नव्हती.

आणि परवाचा शनिवार. त्या दिवशी काही विशेष केलं नाही, हेच विशेष. ड्रायव्हर बॅगेतच ठेवला. सात नंबरच्या आयर्न काठीनं ढकलत ढकलत पुढं जात राहिलो. बंकर दिसला की त्याला पंचगंगेचा पूर समजून लांबून वळसा घातला. चौदाव्या होलनंतर न राहवून कॅडीला विचारलं, "किती झाले रे?" तो म्हणाला, "साहेब, डोकं खाली ठेवा आणि मारा. आकडे माझ्याकडं राहू द्यात." अठराव्याला तीन फुटांचा पुट उरला. सोबतचे आपापले उरकून जेवणाच्या गोष्टी करत होते. लोहगावला उतरणारं एक विमान डोक्यावरून गेलं, मी ते जाऊ दिलं. मग पुटर मागं नेला. बॉल निघाला, होलच्या डाव्या काठाला लागला, काठावरून अर्धा गोल फिरला आणि आत पडला. पेल्यासारखा टण्ण आवाज आला नाही. नुसतं गुडुप.

कॅडीनं बोटांवर दोनदा मोजलं आणि म्हणाला, "अठ्ठ्याण्णव." यंदा कुणी काही सोडून दिलं नव्हतं.

तर पेढे. दुसरा पेढा संपवून आप्पा उठले, म्हणाले, "आण बघू ती काठी इकडं." सतरंजीवर पेला आडवा ठेवला. आप्पांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि पुटर असा धरला, जणू रुळावरनं खडी सारायचीय. पहिला बॉल सोफ्याखाली गेला. दुसरा पेल्याला चाटून. तिसरा अलीकडंच थांबला. चौथा गेला, टण्ण. आतून आईची हाक आली.

"चार," मी म्हणालो.

"तीन," आप्पा म्हणाले. "पहिला पंख्याच्या वाऱ्यानं हलला."

"पंखा बंद आहे, आप्पा."

त्यांनी वर पंख्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि बॉल परत सतरंजीच्या कडेला नेऊन ठेवला.